हेरोदाच्या पंगतीतील पाहुणे

संत पौलाचे जहाज फुटले तेव्हा त्याला आसरा दिला तो माल्टा बेटाने. त्या बेटाची राज्यघटना आजही कॅथलिक धर्माला राष्ट्रधर्म मानते. अशा श्रद्धाळू देशात १६ ऑक्टोबर २०१७ रोजी पत्रकार डाफ्नी कारुआना गॅलिझिया बिदनिया गावातील आपल्या घरून मोटारीने निघाल्या आणि मोटारीत दडवलेल्या बॉम्बच्या स्फोटात ठार झाल्या. सत्ताधाऱ्यांच्या निकटच्या मंडळींच्या पनामातील गुप्त कंपन्या त्यांनी उजेडात आणल्या होत्या.

बॉम्बचा कट अमलात आणणाऱ्या दोघा भावांनी २०२२ साली गुन्हा कबूल केला व त्यांना प्रत्येकी ४० वर्षांची शिक्षा झाली. परंतु हत्येची तयारी फार आधीपासून चालली होती. डाफ्नीबाईंना ‘चेटकीण’ म्हणून हिणवले गेले. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे होते. एका मंत्र्याच्या अर्जावरून त्यांची बँक खाती गोठवण्यात आली. मृत्यूनंतरही अनेक दावे त्यांच्या वारसांना लढावे लागले! सरकारचा हत्येत प्रत्यक्ष हात असल्याचा पुरावा २०२१ च्या चौकशी अहवालाला आढळला नाही. तरीही गुन्हेगारांना अभय वाटावे असे वातावरण निर्माण केल्याबद्दल त्याने राज्यसंस्थेला जबाबदार धरले.

कोणी म्हणेल, बाईंची लेखणी बोचरी होती. असेल. खोटे लिहिले असेल तर खुलासा करावा, एखादा दावाही लावावा. दाव्यांची अशी रास मात्र न्यायासाठी रचली जात नाही. ती लिहिणाऱ्याचा दम तोडण्यासाठी असते. हे ओळखूनच युरोपीय संघाने २०२४ साली अशा दाव्यांना आळा घालणारा कायदा केला.

नाथानाने दावीदाला तोंडावर दोषी ठरवले. दावीदाने मान खाली घातली. योहानाने हेरोदाला तेच सुनावले. हेरोदाने त्याचे शिर तबकात आणवले. त्या पंगतीला प्रतिष्ठित पाहुणे होते. त्यांतील एकही पान सोडून उठल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. मला भय वाटते ते या पाहुण्यांचे.

आणि हे मी निर्मळ मनाने लिहू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामस्थाने बांधकामाचा हिशेब मागितला. मी वेदीवरून त्याला ‘विघ्नसंतोषी’ म्हटले. लोक हसले. तो पुन्हा सभेला आला नाही. पुढे हिशेब तपासला तेव्हा त्याचीच शंका खरी ठरली. मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. पण चारचौघांत केलेला अपमान घरात बसून धुतला जात नाही.

बंधुभगिनींनो, यापुढे कोणा पत्रकाराला देशद्रोही, कोणा शेजाऱ्याला धर्मद्रोही ठरवले जाईल, तेव्हा हसण्यापूर्वी एकच विचारा: त्याने सांगितले ते खरे की खोटे? उत्तर मिळेपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहा.