विश्लेषण : आभासी फुटबॉलचे ‘सामन्याआधीचे भाकीत’ खेळाचे किती, सट्ट्याचे किती?

तारापूर औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की बोईसरमधल्या भाड्याच्या खोल्यांत मोबाइलचे पडदे उजळतात. कुणी क्रिकेट पाहतो, कुणी रील्स, तर कुणी फुटबॉल खेळतो. हे फुटबॉल मैदानावरचे नव्हे, बोटांवरचे. या खेळाभोवती आता एक नवे लेखनही उगवले आहे. ‘आजच्या सामन्याचे डावपेच’, ‘कोण जिंकणार’, ‘किती गोल होणार’ अशा मथळ्यांचे हे लेख वाचायला क्रीडा पानावरच्या मजकुरासारखेच वाटतात. त्यातले काही खरोखर खेळाविषयी असतात. बरेचसे वाचकाच्या खिशाविषयी असतात. दोन्हींतला फरक ओळखायचा कसा?

आभासी फुटबॉल म्हणजे नेमके काय?

या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली ई-स्पोर्ट्स. दोन माणसे ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ किंवा कोनामी कंपनीचा ‘ई-फुटबॉल’ यांसारखा खेळ स्पर्धेच्या नियमांनुसार खेळतात. खेळाडू कोण, स्पर्धा कुणाची, निकाल काय, हे सगळे उघड असते. दुसरी गोष्ट आठ, दहा किंवा बारा मिनिटांच्या सामन्यांची. हेही माणसेच खेळतात, पण पडद्यावर रिअल माद्रिद किंवा लिव्हरपूलचे नाव आणि शेजारी कंसात एखादे टोपणनाव एवढेच दिसते. असे सामने दिवसरात्र एकामागून एक चालू असतात आणि त्यांचा मुख्य प्रेक्षक पैसे लावणारा असतो. तिसऱ्या प्रकारात माणूसच नसतो. संगणक यादृच्छिक आकड्यांवरून निकाल ठरवतो आणि मग त्या निकालाला साजेशी चित्रफीत दाखवतो. या तिसऱ्या प्रकारात ‘संघाचा फॉर्म’ किंवा ‘आक्रमक शैली’ यांविषयी लिहिणे म्हणजे फाशांच्या स्वभावाविषयी लिहिण्यासारखे आहे.

खऱ्या सामन्याआधी डावपेच वाचायचे कसे?

समजा, पालघर आणि बोईसरच्या दोन खेळाडूंमध्ये रविवारी ‘ई-फुटबॉल’चा सामना आहे. २०२१ पासून हा खेळ फुकट उपलब्ध आहे आणि साध्या मोबाइलवरही चालतो, म्हणून उदाहरणाला तो सोयीचा. त्यात संघाच्या पाच शैली असतात : चेंडू ताब्यात ठेवून छोटे पास देणारी, झटपट प्रतिहल्ल्याची, मागे दबा धरून लांब पासवर प्रतिहल्ला करणारी, दोन्ही बगलांनी पसरून खेळणारी आणि थेट उंच चेंडू पुढे टाकणारी. सामन्याचा अर्धा अंदाज या शैली एकमेकींसमोर कशा उभ्या राहतात यावरून बांधता येतो.

पालघरचा खेळाडू ताबा ठेवणारा आहे आणि बोईसरचा झटपट प्रतिहल्ल्याचा, असे धरू. झटपट प्रतिहल्ल्याच्या शैलीत चेंडू गेला की पुढचे खेळाडू आपोआप अंगावर धावून जातात आणि बचावफळीही वर सरकते. त्यामुळे पालघरकराची खरी परीक्षा प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर होत नाही. ती त्याच्या स्वतःच्या मध्यरक्षकाने दिलेल्या पहिल्या पासवर होते. तिथे चेंडू गमावला की गोलरक्षक एकटा पडतो. मधल्या फळीत मागे थांबणारा, जागा न सोडणारा एक खेळाडू त्याने ठेवला आहे का, हे संघयादीत सर्वात आधी पाहावे. आघाडीला कितीही नामांकित नावे असली तरी ती नंतर.

उलट बाजूने पाहिले तर बोईसरकराची अडचण दमाची आहे. सतत दबाव टाकणाऱ्या संघाच्या खेळाडूंचा स्टॅमिना लवकर उतरतो. साठ-पासष्टाव्या मिनिटानंतर (म्हणजे पडद्यावरच्या घड्याळातल्या) मधली फळी उशिरा परतू लागते आणि बचावफळीच्या पुढ्यात मोकळी जागा तयार होते. ताबा ठेवणाऱ्याने तोवर बरोबरी टिकवली तर शेवटचा टप्पा त्याचा असतो, अट एकच, की त्याने एखादा वेगवान बगलेचा खेळाडू राखून ठेवलेला असावा. बोईसरकर हुशार असेल तर उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच दोन बदल करेल आणि आघाडी मिळाल्यास शैलीच बदलून मागे दबा धरेल. या बदलाची तयारी कुणाची आहे, यावर चांगल्या भाकिताने चार ओळी खर्च करायला हव्यात. सुरुवातीची रचना ४-३-३ की ४-२-१-३, एवढेच सांगून थांबणारा लेख अर्धवट समजावा.

एक बारीक सूचनाही इथे सामना फिरवू शकते. एखाद्या आघाडीवीराला ‘बचावाला परतू नकोस, प्रतिहल्ल्यासाठी पुढेच थांब’ असे सांगता येते. प्रतिहल्ल्यात त्याचा फायदा मोठा, पण बचावात एक माणूस कमी पडतो. पलीकडचा बगलेचा बचावपटू पुढे चढणारा असेल तर त्या पट्ट्यात दोघांविरुद्ध एक अशी स्थिती दर दोन मिनिटांनी येईल. शिवाय सामना सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूसमोर त्या वेळच्या तंदुरुस्तीचा बाण दिसतो. खाली झुकलेला बाण पाहूनही आवडीच्या ताऱ्याला खेळवणारे कमी नाहीत, आणि या हट्टाची नोंदही सामन्याआधीच्या लेखात यायला हवी.

शेवटी माणूस. एक गोल मागे पडल्यावर हा खेळाडू घाईने लांब पास टाकतो का? दर वेळी डावीकडून आत वळून उजव्या पायानेच फटका मारतो का? बचाव करताना मध्यरक्षकाला जागेवरून ओढून बाहेर काढतो का? हे त्याचे आधीचे पाच-सहा सामने डोळ्यांखालून घातल्याशिवाय कळत नाही. पडद्यावरचा खेळाडू एमबापे असला तरी सवयी खोलीत बसलेल्या माणसाच्या असतात.

कागदावरचे डावपेच कुठे कोलमडतात?

बहुतेकदा नेटवर्कवर. बोटाने दिलेली आज्ञा आणि पडद्यावरची हालचाल यांत क्षणभराचे अंतर पडले तरी टॅकल चुकते. छोट्या पासांचा खेळ या विलंबाने सर्वाधिक बिघडतो, लांब पास टाकून धावणाऱ्याचे त्यामानाने निभावते. मोबाइल डेटावर खेळणारा आणि घरच्या ब्रॉडबँडवर खेळणारा समोरासमोर आले तर रचनेआधी जोडणीचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या भागात तर हा मुद्दा गौण मानता येणार नाही.

दुसरे कारण खुद्द खेळाच्या आवृत्तीचे. हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत, सप्टेंबर २०२३ मध्ये, ई-स्पोर्ट्समध्ये प्रथमच पदके दिली गेली. फुटबॉल प्रकारात भारताकडून चरणजोत सिंग आणि करमन सिंग टिक्का उतरले. पदक मिळाले नाही. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही थायलंडकडे गेले, कांस्य दक्षिण कोरियाकडे. तिथे खेळला गेलेला ‘एफसी ऑनलाइन’ हा संगणकावरचा खेळ प्रामुख्याने पूर्व आणि आग्नेय आशियात रुजलेला आहे. भारतातली स्पर्धात्मक फुटबॉल मंडळी मात्र मुख्यतः कन्सोलवर घडलेली. इंडियन सुपर लीगच्या आयोजकांनी २०२१ मध्ये सुरू केलेली ‘ई-आयएसएल’ही ‘फिफा २२’वर होती. दोन्ही खेळांत अकरा खेळाडू आणि एक चेंडू असला तरी सराव एकाचा दुसऱ्यात सरसकट चालत नाही. नावे आणि क्रमवारी पाहून त्या सामन्यांचे भाकीत करणारा इथेच फसला असता.

मग आठ मिनिटांच्या सामन्यांचे भाकीत का नको?

कारण वर सांगितलेले काहीच तिथे वाचकाच्या हाती नसते. खेळणारा कोण, तो आज कितवा सामना खेळतो आहे, त्याने कोणत्या सूचना दिल्या आहेत, हे बाहेर येत नाही. लेखात असते ते एवढेच : मागच्या दहा सामन्यांत किती गोल, समोरासमोर किती विजय, आणि ‘आज जास्त गोलांची शक्यता’. दहा सामन्यांचा नमुना इतका लहान असतो की नाणे उडवूनही त्यात सहा-चार, सात-तीन असे ‘कल’ सापडतात. डावपेचांचे शब्द तिथे सजावटीपुरते येतात. लेखाच्या तळाशी जो दर आणि जी लिंक दिलेली असते, तिच्यासाठी वरचा मजकूर असतो.

त्या दरात काय लपलेले असते?

‘अडीचपेक्षा जास्त गोल’ आणि ‘अडीचपेक्षा कमी’ या दोन्ही बाजूंना १.८५ असा दर आहे, असे समजू. शक्यता निम्मी-निम्मी असेल तर शंभर रुपये लावणाऱ्याला सरासरी साडेब्याण्णव रुपये परत मिळतात. साडेसात रुपये दर खेपेला घरच्या मालकाचे. एका सामन्यात ही रक्कम डोळ्यांत भरत नाही. पण सामना आठ मिनिटांचा असेल, तर चार तासांत तीस सामने होतात. तीस वेळा शंभर रुपये लावले की सरासरी तूट २२५ रुपये. महिन्यात २६ रात्री हेच केले तर ५,८५० रुपये. ही केवळ सरासरी झाली. गेलेले भरून काढायला रक्कम दुप्पट करणाऱ्याचा हिशेब यात धरलेला नाही. कंत्राटी कामगाराच्या पगारातून खोलीभाडे आणि गावाकडे पाठवायचे पैसे वजा केल्यावर हातात काय उरते, ते बोईसरमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

मैदानावरचा सामना नव्वद मिनिटांचा असतो, पुढचा सामना दोन दिवसांनी येतो. मध्ये माणसाला शुद्धीवर यायला वेळ मिळतो. छोटे सामने तोच वेळ काढून घेतात.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता देत ते क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले. त्यानंतर ऑनलाइन गेमिंगचे संवर्धन व नियमन करणारा कायदा संसदेने संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैशांचे ऑनलाइन खेळ यांत रेघ ओढली. पैशांचे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसते खेळणाऱ्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. भाकिताच्या नावाखाली सट्ट्याच्या संकेतस्थळाची लिंक पुढे ढकलणाऱ्याने यातला जाहिरातीचा भाग नीट वाचावा.

मोहल्ल्यातल्या स्पर्धांना हे लागू होते का?

इथे गावोगावच्या हौशी आयोजकांची गोची आहे. प्रत्येकी पन्नास-शंभर रुपये गोळा करायचे आणि जमलेली रक्कम विजेत्याला द्यायची, ही टेनिस बॉल क्रिकेटपासून चालत आलेली रीत. कायद्यानुसार ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेश शुल्क चालते, पण ते स्पर्धेत प्रवेशासाठी किंवा आयोजनाचा खर्च भागवण्यासाठी. कामगिरीवर आधारित बक्षीसही चालते. मात्र पैजेचा अंश चालत नाही, आणि ई-स्पोर्ट म्हणवून घेण्यासाठी मान्यता व नोंदणीची अट आहे. नोंदणी नसलेल्या ऑनलाइन स्पर्धेत सहभागींच्याच पैशांचे बक्षीस वाटणे म्हणूनच जोखमीचे ठरू शकते. शुल्क न घेता एखाद्या दुकानदाराकडून किंवा मंडळाकडून चषक मिळवणे हा सरळ रस्ता आहे. सर्व खेळाडूंना एकाच वाय-फायवर, एकाच सभागृहात बसवले तर नेटवर्कची तक्रारही बरीच कमी होते, आणि कोण कोणत्या शैलीने खेळतो ते मागे उभे राहून पाहता येते.