पर्वताचे वेड कोणाचे?

२०१७ साली निघालेला ‘माउंटन’ हा ऑस्ट्रेलियन माहितीपट काही स्नेह्यांच्या आग्रहावरून नुकताच पाहिला. दिग्दर्शन जेनिफर पीडम या बाईंचे, मजकूर रॉबर्ट मॅकफार्लेन यांचा, स्वर विलेम डफो यांचा आणि साथीला अख्खा वाद्यवृंद, असा थाट आहे. छायाचित्रण अप्रतिम आहे हे निमूटपणे कबूल केले पाहिजे. एव्हरेस्टच्या वाटेवरील रांगा दाखवून कर्त्यांनी हौशी आरोहकांचे कानही उपटले आहेत. आमचे भांडण चित्रांशी नाहीच. ते चित्रांमागून येणाऱ्या वाक्यांशी आहे.

तीन शतकांपूर्वी डोंगर चढावयास निघणारा माणूस जवळजवळ वेडाच ठरला असता, असे हा माहितीपट आपणांस बजावतो. कोणाच्या लेखी ठरला असता? आल्प्सच्या पायथ्याशी कदाचित असे असेल. माँ ब्लांच्या माथ्यावर १७८६ साली पहिले पाऊल पडले, हे युरोपच्या इतिहासाचे पान झाले; ते मनुष्यजातीचे म्हणून वाचून दाखविण्याचा अधिकार यांस कोणी दिला?

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात शिखर शिंगणापूर आहे. गावाच्या नावातच शिखर! तेथील शंभुमहादेवाच्या यात्रेकरूंसाठी शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी तळे बांधविले, त्यास चारशे वर्षे होऊन गेली. देव वर आहे म्हणून येथली माणसे डोंगरास भिऊन खाली राहिली नाहीत. देव वर आहे म्हणूनच ती वर गेली. आजही चैत्र शुद्ध द्वादशीस दूरदूरच्या कावडी मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवरून चढविल्या जातात. माणसांची साखळी होते, आणि ती अवजड कावड हातोहात वर सरकते. कोणी म्हणेल, ही भक्ती. हिला पर्वताचे आकर्षण कसे म्हणावे? आमचा उलट प्रश्न असा, की दोरावाचून कडा चढणाऱ्या एकट्या तरुणाचे ते आकर्षण, आणि खांद्याला खांदा लावून चढणाऱ्या हजारोंची ती केवळ रूढी, हा निवाडा कोणत्या न्यायाने केला?

शिवाय माणच्या माणसाला डोंगर हा काही करमणुकीचा विषय नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. वारे तेथेच रिते होतात, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेस असलेल्या माणच्या वाट्याला पाचशेच्या आसपास उरतो, कित्येक वर्षी तेवढाही नाही. ज्या पर्वताने पाणी अडविले त्याच्याच एका फाट्यावर ही माणसे देवासाठी खांद्यावरून पाणी नेतात. आणि याच तालुक्यातील टाकेवाडीच्या लोकांनी डोंगरउतारावर चर खणून २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. कुदळ घेऊन डोंगराशी बोलणाऱ्या या माणसांना पर्वताविषयीच्या चित्रपटात एक मिनिटही मिळू नये काय?

परक्यांना तरी दोष किती द्यावा! प्रस्तुत लेखकाने पंचवीसहून अधिक वर्षे वर्गात वर्ड्‌स्वर्थचे डोंगर शिकविले. समोरच्या बाकांवर माण-खटावची मुले बसत. त्यांपैकी कित्येकांनी कावडीच्या दोराला हात लावला असेल. मी मात्र एकालाही, ‘तू कधी मुंगी घाट चढलास काय रे?’ असे विचारले नाही. परीक्षेत ती मुले न पाहिलेल्या सरोवरांचे वर्णन लिहीत, आणि मी त्यांना गुण देत असे.