परदेशची विमाननोकरी आणि घरची तयारी

नागपूरच्या एका वाचकांनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांचे चिरंजीव येथील एका विमानकंपनींत सहवैमानिक असून त्यांस दुबईच्या कंपनीकडून नोकरीचें पत्र आलें आहे. तरी घरच्या मंडळींनीं कोणती तयारी करावी, हें या सदरांतून सांगावें. विमानविद्येंत आम्हांस गति नाहीं. पस्तीस वर्षें आम्हीं मुलांस संधि आणि समास शिकविले. परंतु हाच प्रसंग आमच्या घरीं येऊन गेला, व त्यांत आमच्या हातून दोन चुका घडल्या. त्या सांगितल्यानें इतरांच्या टळतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा पुतण्या एके सायंकाळीं पत्र घेऊन आला. "काका, निवड झाली. इकडचा राजीनामा देऊं ना?" असें त्यानें विचारलें. आम्हीं पहिलें पान वाचलें, वेतनाचा आंकडा पाहिला आणि "चांगल्या कामास विलंब कशाला?" असें म्हणून मोकळे झालों. दुसरें पान वाचलें नाहीं. ही निवड वैद्यकीय तपासणी आणि परवान्याची पडताळणी यांवर अवलंबून आहे, असें त्या पानावर स्पष्ट लिहिलेलें होतें. जन्मभर विद्यार्थ्यांस 'प्रश्न शेवटपर्यंत वाचा' म्हणून बजावणाऱ्या मास्तरानें स्वतः अर्धाच प्रश्न वाचला!

पुढें तपासणींत हृदयाच्या आलेखावर एक शंकास्पद रेघ निघाली व तेथील डॉक्टरांनीं पूर्वींचे कागद मागितले. त्याच शंकेची चौकशी सात वर्षांपूर्वीं येथें होऊन हृदय निर्दोष असल्याचा निर्वाळा मिळाला होता. पण ते कागद दिवाळीच्या साफसफाईंत आम्हींच रद्दीवाल्यास दिले होते. सर्व तपासण्या नव्यानें कराव्या लागल्या, तोंवर रुजू होण्याची तारीख निघून गेली, आणि इकडची जागाही भरली गेली होती. पांच महिने घरांत जुनें वेतन नाहीं व नवें नाहीं. कोणी आम्हांस एका शब्दानें बोललें नाहीं. परंतु सूनबाई रात्रीं हिशेबाची वही उघडून बसत, तेव्हां त्यांच्यासमोरून जाणें आम्हांस जड होई. अखेर तो निर्दोष ठरला व पुढच्या तुकडींत रुजू झाला. ईश्वरकृपेनें निभावलें, आमच्या शहाणपणानें नव्हे.

यावरून पहिली गोष्ट ही कीं, राजीनामा सर्वांत शेवटीं द्यावा. पण येथें एक अडचण आहे. वैमानिकानें नोकरी सोडण्यापूर्वीं द्यावयाच्या सूचनेची मुदत नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें २०१७ सालीं कप्तानास १२ महिने व सहवैमानिकास ६ महिने अशी ठरविली. कंपनीनें ना-हरकत पत्र दिल्यास ती कमी होऊं शकते. राजीनाम्याच्या वेळीं चालू असलेला नियम पाहावा, आणि मुलाखतींतच नव्या कंपनीस ही मुदत लेखी कळवावी. वैद्यकीय तपासणी व पडताळणी अगोदर उरकून घेण्याची विनंति करावी, आणि कोणतीही अट शिल्लक नाहीं असें पत्र हातीं आल्यावरच राजीनाम्यास हात घालावा. चार आठवडे उशीर झाला तरी चालेल.

दुसरी गोष्ट परवान्याची. १९४४ सालीं शिकागो येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३२ व्या कलमाप्रमाणें, ज्या देशांत विमानाची नोंद, त्या देशानें दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाजवळ असावा लागतो. म्हणजे आपला भारतीय परवाना तेथें जसाच्या तसा चालत नाहीं. तेथील अधिकारी तो खरा आहे कीं नाहीं, हें आपल्या महासंचालनालयास विचारतात व उत्तर येईपर्यंत काम थांबतें. उड्डाणांच्या नोंदवहींतील तासांचा मेळ आधींच घालून ठेवावा : कोणत्या जातीच्या विमानावर किती, कप्तान म्हणून किती, सहवैमानिक म्हणून किती. बेरजेंत चूक निघाली तर ती घरीं निघालेली बरी. इंग्रजी संभाषणाच्या दाखल्याची मुदतही पाहावी. आंतरराष्ट्रीय उड्डाणास किमान चौथी श्रेणी लागते व ती ठराविक काळानें पुन्हा सिद्ध करावी लागते. सहावी मिळाल्यास पुन्हा परीक्षा नाहीं.

तिसरी गोष्ट घरच्या कपाटाची. पदवीपत्र, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पारपत्र या सर्वांवर नांवांचीं अक्षरें एकसारखीं आहेत का, हें पाहावें. एका ठिकाणीं वडिलांचें नांव पूर्ण व दुसऱ्या ठिकाणीं आद्याक्षर, एवढ्यावरूनही कुटुंबाचा परवाना अडतो. दाखल्यांवर प्रथम राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घ्यावा लागतो. भारत २००५ पासून ज्या अपोस्टिल करारांत आहे, त्यांतील देशांस तेवढें पुरतें. इतर देशांसाठीं त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. आणि वैद्यकीय कागद, कितीही जुने असोत, रद्दींत घालूं नयेत. आमच्याकडे आतां त्यांची स्वतंत्र पेटी आहे. किल्ली सूनबाईंकडे असते, आमच्याकडे नाहीं.

आमच्या वाचकभगिनींस एक विशेष सूचना आहे. मुलगा परदेशीं निघाला कीं डबे भरण्याची घाई होते. संयुक्त अरब अमिरातींत खसखस हा निषिद्ध पदार्थ आहे व ती बाळगल्याबद्दल तुरुंगवास घडूं शकतो. तेव्हां अनारसे द्यावयाचे नाहींत, व मसाल्यांतही खसखस नको. वैमानिकाची मादक द्रव्यांसाठीं तपासणी होते, व खसखस खाल्ल्यानेंही तींत दोष दिसूं शकतो, हें दुसरें कारण. कोडीन असलेलीं खोकल्याचीं औषधें व ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांवरही तेथें कडक निर्बंध आहेत. आईची माया तीच राहो. डबा मात्र बेसनाच्या लाडवांचा असो.

चौथी गोष्ट पैशाची. पत्रांतील एकूण वेतन पाहून हुरळून जाऊं नये. मूळ वेतन किती व भत्ते किती, हें निरनिराळें मांडावें. अमिरातींच्या कायद्याप्रमाणें नोकरी सोडतांना मिळणारी रक्कम मूळ वेतनावर मोजतात : पहिल्या पांच वर्षांस दरवर्षीं २१ दिवसांचें, पुढें ३० दिवसांचें. शिक्षणखर्चाचा करार असेल, तर किती वर्षें बांधून घेतलें आहे व मध्येंच सोडल्यास किती परत द्यावें लागेल, हें वहींत लिहून ठेवावें. दुबईंत घरभाडें पुष्कळदां वर्षांतून थोड्याच धनादेशांनीं आगाऊ द्यावें लागतें; तेव्हां पहिल्या वेतनापूर्वींची तरतूद येथूनच हवी. येथील बचतखातें अनिवासी खात्यांत बदलून घ्यावें. प्राप्तिकरासाठीं नोकरीनिमित्त जाणाऱ्या नागरिकास १८२ दिवसांची मर्यादा असते, म्हणून निघण्याची तारीख सल्लागारास विचारून ठरवावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, व ती निरोपाच्या गर्दींत कोणी बोलत नाहीं : परतीची वाट मोकळी ठेवावी. २०१९ च्या एप्रिलांत जेट एअरवेज बंद पडली, तेव्हां येथील वैमानिकांस परदेशचा आधार वाटला. दुसऱ्याच वर्षीं महामारींत आखातांतील कंपन्यांनींही वैमानिक कमी केले. आकाशांतील नोकरी कोणत्याच देशांत अढळ नाहीं. भारतीय परवान्याची मुदत २०२३ च्या दुरुस्तीनें पांचांवरून दहा वर्षांवर गेली आहे. परंतु वैद्यकीय दाखला व कौशल्यचांचणी यांच्या मुदती निराळ्या असून त्या टळल्या तर परवाना असूनही उड्डाण करतां येत नाहीं. परदेशाच्या परवान्याचा आनंद असावा, पण भारतीय परवान्याचें दिनदर्शक घरांतील कोणी तरी सांभाळावें.

आमच्या पणजोबांच्या काळीं समुद्र ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त द्यावें कीं नाहीं, यावर घरोघर वाद होत. आज तो प्रश्न उरला नाहीं. पण न वाचलेल्या कागदाचें प्रायश्चित्त अजून चुकत नाहीं, व तें एकट्या मुलास नव्हे, साऱ्या घरास घ्यावें लागतें. तेव्हां नागपूरच्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, रात्रींचीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळींनीं एकत्र बसावें व तें पत्र एकानें मोठ्यानें वाचावें. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सूनबाईंनीं प्रश्न विचारावे व वडिलांनीं उत्तर देण्याची घाई करूं नये. चिरंजीवांस आमचे अनेक आशीर्वाद.