मोबाईलचा पडदा कसा टिपावा?



पीकविम्याचा अर्ज मोबाईलवर कसा भरायचा, हे दर वेळी शेजारी बसून सांगण्यापेक्षा पडद्याचेच चित्रण करून ठेवावे. त्यासाठी पैसे घालू नका. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून पुढच्या बहुतेक फोनांत ही सोय असतेच. वरून खाली दोनदा बोट ओढा, ‘स्क्रीन रेकॉर्ड’ची खूण सापडेल. आवाजाचे विचारले की मायक्रोफोन निवडा, नाहीतर सारे चित्रण मुके निघते.

घरी संगणक असल्यास ओबीएस स्टुडिओ फुकट मिळतो, पण तो टिपण्यापुरता. जुन्या संगणकाला झेपेलच असे नाही. कापाकापीला शॉटकट घ्यावा, तोही फुकटच. नवशिक्याला पुढचे-मागचे कापणे नि तुकडे जोडणे एवढे आले की पुरे. बाकीची नक्षी लग्नाच्या व्हिडिओवाल्याला राहू द्या. फुकट म्हणवणारी काही ॲपे तयार चित्रणावर आपला शिक्का उमटवतात. सबब आधी दहा सेकंदांचा तुकडा काढून पाहा.

आता मुख्य गोष्ट. अर्ज भरताना आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी सारे चित्रणात उतरते. त्या रकान्यापाशी चित्रण बंद करा, पुढचा तुकडा वेगळा घ्या. चुकून उतरलेच, तर तेवढे कापून नवी फाईल काढा आणि गटावर तीच पाठवा, मूळ नव्हे. आणि कोणी अनोळखी माणूस फोनवरून ‘मदतीसाठी’ एखादे ॲप घ्यायला सांगू लागला, तर घेऊ नका. तसल्या ॲपातून तो दूर बसून तुमचा पडदा पाहत असतो.