उतारशाळेला दोष देऊ नका



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या देवळात एक प्रार्थना हमखास होते. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलांसाठी. कुणाची मुलगी टोरोंटोला, कुणाचा मुलगा जर्मनीत. आपण दुपारी दीडला नाताळच्या जेवणाला बसतो तेव्हा टोरोंटोत पहाटेचे तीन वाजलेले असतात, त्यामुळे पोरीचा फोनही वेळेवर येत नाही. आई डोळे पुसत म्हणते, तिथं कुणीतरी तिला घरी बोलवावं, गरम जेवू घालावं. ही प्रार्थना खरी आहे. तिला मी नावं ठेवत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. त्याच मिस्सेला शेवटच्या बाकावर दोन-चार परदेशी विद्यार्थी बसलेले असतात. आपल्या बेळगावात मलेशियाची मुलं डॉक्टर व्हायला येतात. बडोदा आणि हैदराबादच्या कॉलेजांत टांझानिया, नायजेरिया, सुदान अशा देशांची मुलं शिकतात. त्यांतली कितीतरी ख्रिस्ती आहेत. मिस्सा संपल्यावर आपण हसून त्यांना ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणतो, केकचा तुकडा हातात देतो आणि गाडीची किल्ली फिरवतो. ती मुलं हॉस्टेलवर परत जातात. बहुतेक खोल्यांना कुलपं असतात, कारण इथली मुलं आपापल्या गावी गेलेली असतात. नाताळची सुट्टी एका दिवसाची. त्यात दार-एस-सलामला जाऊन कोण परत येणार?

म्हणजे बघा, कॅनडातल्या कुठल्याशा अनोळखी माणसानं आपल्या मुलीसाठी जे करावं म्हणून आपण देवाला साकडं घालतो, तेच आपण दोन किलोमीटरवरच्या मुलासाठी करत नाही. अशा प्रार्थनेचं देवानं काय करावं?

यावर उत्तरं तयार असतात. पहिलं उत्तर: “धर्मग्रामातर्फे कार्यक्रम ठेवतो की!” ठेवतो, खरं आहे. हॉलमध्ये खुर्च्या मांडतो, त्यांना स्टेजवर बोलावून त्यांच्या भाषेतलं गाणं म्हणायला लावतो, फोटो काढतो. पण हॉल म्हणजे घर नव्हे. हॉलमध्ये तो मुलगा पाहुणा कलाकार असतो. घरात त्याला लसूण सोलायला बसवता येतं, आजी त्याला करंजीचे काठ मुरडायला शिकवते, लहान पोरं त्याच्या पाठीवर चढतात. घरापासून लांब असलेल्या माणसाला नाताळला हेच हवं असतं.

दुसरं उत्तर: “त्या दिवशी घर आमच्याच माणसांनी भरलेलं असतं. जागा कुठाय?” हे वाक्य आपण शुभवर्तमानात वाचतो आणि तरीही आपल्याला ते ओळखू येत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मराठी शास्त्रात ‘उतारशाळा’ असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द ‘कातालुमा’. लूकने हाच शब्द पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे, म्हणजे पाहुण्यांना उतरायची खोली. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात जी खरीखुरी धर्मशाळा येते, तिच्यासाठी त्याचा शब्द वेगळा आहे. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की बेथलेहेमात दार लावून घेणारा कुणी लॉजवाला नसावा. नाताळच्या नाटकात आपण दरवर्षी एका पोराला मिशा लावून ‘जागा नाही, पुढे व्हा’ म्हणायला लावतो, त्या माणसाचा शुभवर्तमानात पत्ताच नाही. योसेफ आपल्या वंशाच्या गावी आला होता. पाहुण्यांची खोली भरलेली होती, बहुधा घरच्याच माणसांनी. तरी त्या भरलेल्या घरात गव्हाणीपाशी जागा निघाली. तेव्हा उतारशाळेला दोष देऊ नका. गर्दीचं कारण बेथलेहेमच्या घराकडेही होतं. आपल्याला लागणार आहे एक जास्तीचं ताट.

तिसरं उत्तर कुणी मोठ्यानं देत नाही. “शेजारी काय म्हणतील? घरमालक काय म्हणेल?” यात रंगाचा प्रश्न आहे आणि तो मी झाकणार नाही. मलेशियाच्या मुलीला एखादवेळ बोलावणं जातं, आफ्रिकेच्या मुलाला जात नाही. २०१६च्या जानेवारीत आपल्याच राज्यात, बंगळुरात, एका टांझानियन विद्यार्थिनीवर जमावानं हल्ला केला. अपघात केला होता सुदानच्या दुसऱ्याच माणसानं. तिचा त्याच्याशी संबंध नव्हता. तिचा रंग जमावाला पुरेसा वाटला. आपण त्या जमावात नव्हतो, हे खरं. पण देवळाच्या बाकावर कुणी शेजारी बसायला नको म्हणून थोडं सरकून बसणं, हे त्याच रस्त्यावरचं पहिलं पाऊल आहे. हेरोदाच्या भीतीनं पळालेल्या आपल्या तारणाऱ्याला आसरा आफ्रिकेनं, मिसर देशानं दिला. हे वाचून ‘देवाला धन्यवाद’ म्हणणाऱ्यांनी आफ्रिकेच्या लेकरासाठी दार उघडायला कचरावं?

चौथं उत्तर कायद्याचं. परदेशी माणसाला रात्री मुक्कामाला ठेवलं तर चोवीस तासांत फॉर्म भरून कळवावं लागतं, हे खरं आहे. दुपारच्या जेवणाला कुठलाही फॉर्म लागत नाही.

पाचवं उत्तर असं की, “धर्मांतराचा संशय येईल.” जो आधीच ख्रिस्ती आहे त्याचं काय धर्मांतर करणार? आणि जो ख्रिस्ती नाही, त्यालाही बोलवा, पण अट न घालता. इथं मराठी माणसानं आनंदीबाई जोशी विसरू नयेत. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं, तेव्हा ख्रिस्ती व्हाल तर बघू, असा सूर लागला. तो पत्रव्यवहार मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे बसल्या बसल्या तो वाचला आणि अट न घालता थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असं जाहीर सांगून आनंदीबाई १८८३ मध्ये निघाल्या. त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा या बाई त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. वाइल्डर आणि कार्पेंटर, दोघंही ख्रिस्तीच. आपण कुणाच्या वाटेनं जायचं, हे आपल्याला ठरवायचं आहे.

तेव्हा हे लेखन वाचून ‘छान’ म्हणून थांबू नका. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर शेवटच्या बाकापाशी जा. नाव विचारा आणि नीट उच्चारायला शिका. ‘कधीतरी या’ म्हणू नका, कारण त्याला तारीख नसते. दिवस सांगा, वेळ सांगा, हॉस्टेलवरून आणायला कोण येईल आणि फाटक बंद व्हायच्या आत परत कोण सोडेल ते सांगा. काय खातात विचारा. आपलं तिखट सगळ्यांना झेपत नाही आणि डुकराचं मटण सगळ्यांना चालतंच असं नाही. मूल इथिओपियाचं असेल तर त्याचा नाताळ ७ जानेवारीला असतो, त्याला त्याही दिवशी बोलवा. जेवणानंतर वायफायचा पासवर्ड द्या आणि एक खोली मोकळी करून द्या, म्हणजे त्याला घरी निवांत बोलता येईल. त्याच्या आईला हात हलवून दाखवा. आपल्या पोरीच्या बाबतीत तुम्हाला जे बघायचं असतं, तेच तिलाही बघायचं असतं.

परका होतो, तुम्ही मला घरात घेतलंत का, असा प्रश्न शेवटच्या दिवशी विचारला जाणार, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूनं आधीच सांगून ठेवलं आहे. प्रश्नपत्रिका हातात आहे. २५ डिसेंबरला अजून अवकाश आहे.