कापडवाल्यांनी काढलेली बँक आणि आपण

व्यापारी मंडळी चार घटका एकत्र बसली की बँकेचा विषय निघतो, आणि निघाला की तक्रारीनेच संपतो. बँक आपल्याला उभी करत नाही, साहेब कागद मागतो, जामीन मागतो आणि शेवटी नकार देतो. रेवदंड्याच्या बाजारात आम्ही तीस वर्षे कापड विकत आहोत. ही तक्रार आम्हीही केली आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. परंतु बँक कोणी काढली आणि कशासाठी काढली, हे आपण कधी विचारले नाही. विचारले असते तर कळले असते, की ज्या दारात जायला आपण कचरतो ते दार आपल्याच धंद्यातल्या माणसांनी बांधलेले आहे.

आम्ही बँक ऑफ इंडियाबद्दल बोलत आहोत. आपल्या रायगड जिल्ह्याची ही अग्रणी बँक. आज तिला सरकारी बँक म्हणून सगळे ओळखतात, पण ती सरकारने काढलेली नाही. 7 सप्टेंबर 1906 रोजी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तिची नोंदणी केली आणि 1 नोव्हेंबरला कामकाज सुरू झाले. अधिकृत भांडवल एक कोटी रुपये, शंभर रुपयांचा एक याप्रमाणे एक लाख शेअर. त्यांपैकी 55 हजार शेअर आपसांत वाटले आणि 45 हजार लोकांसाठी खुले केले. सुरुवातीला एक कचेरी, पन्नास लाखांचे वसूल भांडवल आणि पन्नास नोकर.

पुढाकार सर ससून डेव्हिड यांचा. ते मुंबईचे यहुदी व्यापारी. पहिल्या संचालक मंडळात रतनजी दादाभाई टाटा आणि सर कावसजी जहांगीर हे पारशी होते. खटाव मिलच्या घराण्यातले गोरधनदास खटाव, लल्लुभाई सामळदास, रामनारायण हरनंदराय हे हिंदू व्यापारी होते. एक इंग्रज होता. आणि नूरदीन इब्राहिम नूरदीन हे मुसलमान नावही होते. यांतल्या बऱ्याच जणांची रोजी कापूस, सूत आणि कापड यांवर चालत होती. धर्म वेगळे, जमाती वेगळ्या, पण अडचण एकच होती.

ती अडचण समजून घेण्यासारखी आहे. परदेशाशी होणारा हुंडीचा आणि चलनाचा व्यवहार त्या काळी विलायती बँकांच्या हातात होता. माल आपला, गिऱ्हाईक आपण शोधलेले, पण पैशाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. स्वदेशी चळवळीचे दिवस होते. या मंडळींनी नुसती तक्रार केली नाही. आपापल्या थैल्या एकत्र केल्या आणि स्वतःची पेढी घातली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच 1906 साली त्याच मुंबईत इंडियन स्पेसी बँक नावाची दुसरी देशी बँक निघाली होती. तिच्या चालकाने लोकांच्या ठेवी चांदीच्या सट्ट्यात घातल्या आणि 1913 च्या अखेरीस ती बुडाली. त्या सुमारास देशातल्या कितीतरी देशी बँका एकामागून एक कोसळल्या. बँक ऑफ इंडिया तगली. म्हणजे नुसते भांडवल असून भागत नाही. दुसऱ्याचा पैसा ही अमानत आहे, हे जो विसरला तो गेला.

1921 मध्ये मुंबईच्या शेअर बाजाराचे क्लिअरिंग हाऊस सांभाळण्याचे काम या बँकेकडे आले. 1926 मध्ये ससून डेव्हिड वारले. बँक चालूच राहिली. 1946 मध्ये तिने लंडनला शाखा काढली.  मग 1950 मध्ये टोकियो आणि ओसाका, 1951 मध्ये सिंगापूर, 1953 मध्ये केनिया व युगांडा, त्यानंतर एडन, टांगानिका आणि 1960 मध्ये हाँगकाँग. जपान काय, आफ्रिकेचा किनारा काय, जेथे आपला व्यापारी आधी पोहोचला होता तेथे त्याच्या मागोमाग ही बँक गेली. वाट सरळ नव्हती. 1967 मध्ये टांझानियाच्या सरकारने आणि 1969 मध्ये एडनच्या सरकारने तिथल्या शाखा ताब्यात घेतल्या. त्याच 1969 च्या जुलैमध्ये आपल्या सरकारने चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले, त्यात हीही आली. तरी 1974 मध्ये पॅरिस आणि 1978 मध्ये न्यूयॉर्क तिने गाठलेच.

आता आपल्याकडे वळू. चौल-रेवदंड्याचे बंदर मुंबईच्या कितीतरी शतके आधीचे. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. येथले रेशमी आणि सुती कापड समुद्रापार जात होते. तो सगळा व्यापार ऐतबारावर चाले, आणि ऐतबार माणसाचा असे. माणूस गेला की त्याची पत त्याच्याबरोबर जाई. बँकेने वेगळे काय केले? तोच ऐतबार कागदावर आणला, म्हणून तो माणसाच्या मागे उरला. ससून डेव्हिड यांच्यामागे बँक उरली ती यामुळेच.

आमच्या वडिलांची पत मोठी होती. मुंबईच्या बाजारातून त्यांच्या एका शब्दावर गठ्ठे येत. त्यांची खातेवही उर्दूत होती, अक्षर मोत्यासारखे. ते गेल्यावर दुकान वाढवायचे म्हणून आम्ही एका बँकेत गेलो. साहेबांनी तीन वर्षांचा हिशेब मागितला. आम्ही ती वही पुढे ठेवली. त्यांनी पाने उलटली, वही अदबीने मिटून परत दिली आणि म्हणाले, "शेठ, हे मी वरच्या ऑफिसला काय म्हणून पाठवू?" त्या दिवशी आम्हाला राग आला. पक्षपात वाटला. आज वाटते, त्या माणसाचा प्रश्न रास्त होता.

त्याची खरी किंमत 3 जून 2020 रोजी कळली. निसर्ग वादळात दुकानाचे पत्रे उडाले आणि ताके भिजून गेले. ज्यांनी माल तारण ठेवून बँकेचे कर्ज घेतले होते, त्यांच्या मालाचा विमा बँकेने आधीच उतरवून घेतला होता. त्यांना भरपाई मागायला जागा तरी होती. आमच्याजवळ तर आत किती माल होता हे दाखवणारा कागदही नव्हता. त्यानंतर उधारीवर माल भरला, तो बाजाराच्या भावापेक्षा महाग. बँकेचे व्याज टाळले असे आम्ही म्हणत होतो. तेच व्याज आम्ही कापडाच्या भावात मोजत होतो.

बँकांनाही दोष आहे. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात स्पष्ट नोंदवले, की मुसलमानांना मिळणारे कर्ज त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार कमी आहे, आणि काही बँकांनी मुसलमान वस्त्यांवर नकाराचा शिक्का मारून ठेवलेला आहे. आखातात घाम गाळणाऱ्या आमच्या मुलांच्या ठेवी चालतात, मग त्यांच्या भावाच्या दुकानाला कर्ज का चालत नाही? अग्रणी बँकेची योजना 1969 पासून आहे. जिल्ह्यातल्या छोट्या धंद्यांना पतपुरवठा व्हावा हाच तिचा हेतू. तेव्हा हा प्रश्न आम्ही विचारणारच. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात कागद हवा.

व्याजाचा मसला आहे, तो आहेच. त्यावर निर्णय देणे हे उलेमांचे काम, आमचे नाही. ज्याला कर्ज नको त्याने घेऊ नये. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूम तर कुराणशरीफात सूरह बकरहमध्येच आहे. वही न लिहिण्याला दीनचे निमित्त सांगता येणार नाही. आणि व्याज नको असेल तर चार दुकानदारांनी लेखी भागीदारीत भांडवल एकत्र करावे. 1906 च्या मंडळींनी पहिले पाऊल तेच टाकले होते.

म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमची विनंती एवढीच. दुकानाच्या नावाने चालू खाते काढा. रोजची विक्री त्या खात्यातून जाऊ द्या. जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रे वेळेवर भरा. दर महिन्याला मालाची यादी करा. 2015 मध्ये सुरू झालेली मुद्रा योजना छोट्या दुकानदाराला, शिंप्याला, सुताराला तारणाशिवाय कर्ज देते. ते घ्यायचे असेल तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नकार मिळाला तर त्याचे कारण लेखी मागा.

आमच्या दुकानाचा हिशेब आता आमचा मुलगा मराठीत आणि संगणकावर ठेवतो. वडिलांची उर्दू वही आम्ही गल्ल्याशेजारी जपून ठेवली आहे. तिच्यातला ऐतबार खरा होता. तो दुसऱ्याला वाचता येईल असा लिहिणे, एवढेच काम आमच्या पिढीकडून राहून गेले. ते पुढच्या पिढीकडून राहू नये.