देग उतरली, आता पंचनाम्याचं काय?

पावसाळा आला की महाड-पोलादपूरच्या माणसाची नजर सावित्रीच्या पाण्यावर असते. २ ऑगस्ट २०१६ ला नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन इमारत कोसळून १६ जीव गेले. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली असताना तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. अशा वेळी आपल्या जमाती धावतात. देगा चढतात, चिखल उपसला जातो, ताडपत्र्या वाटल्या जातात. ही खिदमत अल्लाह कबूल करो.

प्रश्न पुढचा आहे. तळियेतल्या कित्येक कुटुंबांना पक्क्या घरासाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. जकात-सदक्यातून चादर येते, रेशन येतं. नदीतला गाळ काढणं, दरडीखालच्या वाडीचं पुनर्वसन, इमारतींची तपासणी मात्र त्यातून होत नाही. ते सरकारचं काम.

हा हिशेब ब्रिटनमध्येही मांडला गेला. तिथे गरिबांचा मोठा भार चर्च, दानशूर आणि कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळ्या उचलत. १९४२ च्या अहवालात विल्यम बेव्हरिज यांनी सांगितलं की आजारपणात, बेकारीत, म्हातारपणी मिळणारा आधार हा वर्गणी भरणाऱ्याचा हक्क आहे, उपकार नाही. त्याच बेव्हरिज यांनी १९४८ मध्ये स्वयंसेवी कामावर वेगळा अहवाल लिहिला. सरकारने जबाबदारी घेतली तरी लोकांनी आपणहून करायचं काम संपत नाही, हा त्याचा गाभा.

आपल्याला लंडनपर्यंत जायची गरजही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या महाड परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. ती खैरात नव्हती. हक्क मागणाऱ्यांना उभं राहायला दिलेली जागा होती.

तेच आज करता येईल. देगेशेजारी एक टेबल मांडा. शिकलेली दोन मुलं-मुली तिथे बसवा. कोणाचं घर पंचनाम्यातून सुटलं, भाडेकरूचं नाव आलं का, कागद भिजले असतील तर नक्कल कुठे मिळेल, हे ती बघतील. तहसीलदारांकडे अर्ज देऊन पोच घेतील. गाळाचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न ग्रामसभेत विचारतील, तोही सगळ्या समाजांच्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन.

भुकेल्याला जेवण द्यायलाच हवं. पण त्याचा हक्क त्याला मिळवून देणं हीसुद्धा खिदमतच आहे.